थंडेसाहेब खरं बोलले होते

आमच्या नारायणगावात कुणी मोठी बढाई मारली की समोरचा हसून म्हणतो, "काय राव, थंडेसाहेब झाला काय?" ज्या माणसावरून ही म्हण पडली तो आता फारसा कुणाला आठवत नाही, पण म्हण टिकली आहे. ती कानावर पडली की मी दुसरीकडे बघतो. इतकी वर्षं मी हेच केलं. गेल्या महिन्यात सलूनमध्ये एका तरुण गिऱ्हाइकानं न्हाव्याला विचारलं, की हा थंडेसाहेब होता तरी कोण. न्हावी म्हणाला, "व्हता एक जर्मन. लई थापाड्या." माझ्या गळ्याभोवती टॉवेल होता, अर्ध्या गालाला साबण होता. त्या माणसाबद्दल खरं काय ते सांगू शकणारा त्या दुकानात मी एकटाच होतो, आणि मी दाढी उरकून, पैसे देऊन निघालो. घरी येऊन कागद काढला. मला एकोणऐंशी वर्षं झाली आहेत. आता आणखी टाळलं तर हे माझ्याबरोबरच जाईल.

थंडेसाहेब म्हटलं की मला आधी त्यांचा उजवा कान आठवतो. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या द्राक्षबागायतदारांनी सोसायटी काढून गावाबाहेर शीतगृह बांधलं. परदेशी पाठवायची द्राक्षं त्यात गार करून ठेवायची. त्याची यंत्रं बसवायला कंपनीनं एक जर्मन माणूस पाठवला. सव्वासहा फूट उंच, वय पन्नाशीच्या आसपास, एका पायानं किंचित लंगडणारा. यंत्र सुरू केलं की तो डोळे मिटून पाइपला कान लावायचा आणि दोन-दोन मिनिटं तसाच उभा राहायचा. गडी लोक कोपरापासून हात जोडायचे. मग तो एकच नट अर्धा आटा फिरवायचा आणि आवाज बदलायचा. गार खोल्यांचा साहेब, शिवाय कधी आवाज चढवत नाही, म्हणून गड्यांनी नाव ठेवलं थंडेसाहेब. त्यांचं खरं नाव आमच्या जिभेला वळत नव्हतं, आणि त्यांनाही हे आवडलं होतं.

मी तिथे कसा, ते सांगतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. थंडेसाहेबांना मोडकं इंग्रजी येत होतं आणि सोसायटीच्या चेअरमनना अजिबात येत नव्हतं. म्हणून शाळा सुटली की मी दुभाषी. या कामात मला एक खोड लागली. दोन्ही बाजूंना गोड वाटेल असं मी थोडं इकडचं तिकडं करायचो. चेअरमन म्हणायचे, "त्याला म्हणावं, कवाधरनं नुसता कान लावून बसलाय, हात चालव." मी सांगायचो, चेअरमन आपल्या प्रगतीची चौकशी करत आहेत. थंडेसाहेब कामाचे तपशील सांगायचे. मी चेअरमनना सांगायचो, साहेबांनी आपली आठवण काढली. सगळे खूश. मला वाटायचं, भाषांतर म्हणजे हेच.

त्यांची राहायची सोय कांतीशेठच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत केली होती. शेठचं घराणं राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं, जैन, किराणा आणि कीटकनाशकांचं दुकान. परक्या माणसाचं जेवण या घरात कसं जमणार, अशी सगळ्यांना काळजी होती. पहिल्याच दिवशी संध्याकाळी पावणेसहाला थंडेसाहेब जिन्यावरून खाली आले आणि जेवण मिळेल का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. त्यांच्या देशात त्याच वेळी जेवतात म्हणे. शेठचं घर तर सूर्यास्ताआधी जेवणारं. शेठना इतका आनंद झाला, की नारायणगावात त्यांच्या वेळेला जेवणारा बाहेरचा पहिला माणूस सापडला म्हणून त्यांनी मला दुकानात बोलावून पेढा दिला. पुढे कधी तरी शेठनी विचारलं, साहेब तिकडे काय करायचे. थंडेसाहेब म्हणाले, मांसाच्या कारखान्यातल्या गार खोल्या दुरुस्त करायचो. मी शेठना सांगितलं, दुधाच्या डेअरीत होते. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. पण सवय अशीच लागते.

जेवण झाल्यावर शेठच्या ओट्यावर बसून त्यांनी मला स्वतःची हकीकत तुकड्यातुकड्यांनी सांगितली. सतराव्या वर्षी ते फुटबॉलच्या एका क्लबात निवडीला गेले होते. पाय जड आहेत म्हणून परत पाठवलं. मग बापाच्या हाताखाली यंत्रं दुरुस्त करायला शिकले आणि रविवारी आपल्या खेड्याच्या संघात खेळत राहिले. त्या सामन्यांना प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका आणि एक कुत्रं. अकरा वर्षं असं चाललं. अठ्ठाविसाव्या वर्षी एक प्रशिक्षक समोरच्या संघातला एक पोरगा बघायला आला होता. त्या पोराला दीड तास बॉल मिळू न देणारा उंच माणूस कोण, असं त्यानं विचारलं. एकोणतिसाव्या वर्षी थंडेसाहेब व्यावसायिक खेळाडू झाले, तेही दुसऱ्या श्रेणीतल्या संघात. ज्या वयात बाकीचे निवृत्तीचा हिशोब करतात, त्या वयात हे पहिल्यांदा संघाच्या बसमध्ये चढले. पहिल्या दिवशी पिशवीत बुटांबरोबर पानाही होता, काढायचा राहून गेलेला. सगळी बस हसली. त्यानंतर त्यांनी तो मुद्दामच ठेवला.

सहा वर्षं ते बचावफळीत खेळले. मी विचारलं, गोल किती केले? त्यांनी चार बोटं दाखवली, आणि मग एक बोट वेगळं धरून म्हणाले, "हा आपल्याच जाळ्यात." मी म्हटलं, मग तीनच म्हणा की. ते म्हणाले, "नाही. तोही मीच मारला." पस्तिसाव्या वर्षी गुडघा गेला, आणि पुढच्या सोमवारी ते पुन्हा गार खोल्यांत कामाला लागले. हे सांगताना आवाजात ना दुःख ना तोरा. "सहा वर्षं," ते म्हणाले, "मोठी नाहीत. पण माझी."

दत्तू त्यांचा जीपवाला. नारायणगाव ते ओतूर सहा आसनी जीपमध्ये चौदा माणसं बसवायचा आणि पंधराव्याला म्हणायचा, "या पावणं, लई जागा हाय." राहायला डिंगोऱ्याचा, वय सव्वीस, लग्न झालेलं. एका रविवारी तो साहेबांना गाव दाखवायला घेऊन गेला. शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. बॉल दत्तूकडे आला, आणि त्यानं न वाकता पायानंच तो असा परत मारला की थेट गोलंदाजाच्या हातात गेला. थंडेसाहेबांनी त्याला ते पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. संध्याकाळी मला म्हणाले, हा खेळू शकतो. मी म्हटलं, साहेब, सव्वीस वर्षांचा बाप्या आहे तो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

पुढच्या हंगामात यंत्रं सांभाळायला ते परत आले तेव्हा बॅगेत चार फुटबॉल होते. दर रविवारी सकाळी डिंगोऱ्याच्या मैदानावर दत्तू, एक गवंडी, दूध गोळा करणारा एक गडी, रोजगार हमीवरचा मुकादम असे पंधरा-सोळा जण जमायचे. सगळे विशीच्या पुढचे. लहान पोरं घ्या, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, लहानांना सगळेच घेतात. गाव कडेला उभं राहून हसायचं. एक म्हातारी मला म्हणाली, "सर, पोरांची बापं चड्ड्या घालून पळत्यात, आन पोरं बघत्यात. कलियुग म्हनायचं ते हेच का?" थंडेसाहेबांनी मराठीतले दोनच शब्द आधी शिकून घेतले होते. बॉल भलतीकडे गेला की शांतपणे म्हणायचे, "चूक. परत." दिवसातून शंभर वेळा. त्यात राग नसायचा. दत्तू सांगतो, "बापानं चूक म्हनलं की मार बसायचा. साहेबानं चूक म्हनलं की आजून एकदा मिळायचं."

ते मैदान गावचं होतं आणि तिथे दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. सरपंच आमच्या चेअरमनचे साडू. ते म्हणाले, साहेबाचा जंगी सत्कार करू, तालुक्यातली मोठी माणसं बोलवू. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, तर ग्रामसभेत मैदान खेळासाठी राखून ठेवायचा ठराव घेतो. थंडेसाहेबांना हे कळल्यावर ते पहिल्यांदा मला अस्वस्थ दिसले. स्वतःचा सत्कार त्यांना नको होता, पण मैदान हवं होतं. "मी गेल्यावरही हे लोक खेळले पाहिजेत," ते म्हणाले.

सत्काराचा फलक आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. आता आमच्याकडची रीत अशी, की सत्कारमूर्तीला दोन पायऱ्या वर चढवल्याशिवाय अंगावर शाल पडत नाही. निवृत्त तलाठी 'थोर विचारवंत' होतो, भजनी मंडळाचा टाळकरी 'संगीतरत्न' होतो. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी मोजायला बसत नाही. 'जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीतील माजी खेळाडू' असं फलकावर लिहिलं तर गाव म्हणेल, दुसरी श्रेणी म्हणजे काठावर पास. म्हणून मी लिहिलं, 'जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे माजी खेळाडू'. मैदानासाठी लिहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. अशा माणसाचा मी दुभाषी आहे, हे मलाही मिरवायचं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ, फटाके. साहेबांना बोलायला उभं केलं. त्यांना फलक वाचता येत नव्हता, पण आधीच्या वक्त्यांच्या तोंडी जर्मनी, जर्मनी असं सारखं येत होतं, त्यावरून त्यांना काही शंका आली असावी. ते हळूहळू इंग्रजीत बोलले. मला ते शब्द न् शब्द पाठ आहेत. ते म्हणाले, "मी मोठा खेळाडू नव्हतो. देशासाठी कधी खेळलो नाही. दुसऱ्या श्रेणीत सहा वर्षं खेळलो, कारण एका माणसानं मला उशीर झालाय असं म्हटलं नाही. या मैदानावरही तसंच व्हावं."

समोर आमदारांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी माइक घेतला आणि म्हणालो, "साहेब म्हणतात, देशासाठी खेळताना जो आनंद झाला, तोच आज डिंगोऱ्याच्या मातीत होतो आहे."

टाळ्या थांबेनात. थंडेसाहेब त्या गर्दीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, दुसऱ्या श्रेणीला एवढ्या टाळ्या कशा? मी म्हटलं, आमचे लोक प्रेमळ आहेत.

दिवाळीला चेअरमनची पुतणी पुण्याहून आली. ती जर्मन भाषा शिकत होती. काकांनी मोठ्या कौतुकानं साहेबांचं सांगितलं. तिनं सुट्टी संपल्यावर ग्रंथालयातलं पुस्तक पाहिलं. राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या सगळ्यांची त्यात यादी होती आणि हे नाव नव्हतं. तिनं साधेपणानं काकांना फोन करून सांगितलं. चेअरमननी आमदारांच्या शेजारी उभं राहून त्या माणसाला फेटा बांधला होता. त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. सोसायटीच्या कचेरीत संचालक जमले, सरपंच आले, मला शाळेतून बोलावून घेतलं आणि थंडेसाहेबांना यंत्रघरातून. ते हात पुसत आले आणि दाराशीच उभे राहिले.

चेअरमन मला म्हणाले, "सर, भाषांतर तुमी केलं व्हतं. त्यो तवा काय बोलला?"

खोलीत बारा-तेरा माणसं होती. त्यातल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात होती. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब खरं बोलले होते, वाढवून मी सांगितलं. फार तर लोक हसले असते. सत्कारातली बढाई कुणाला नवी होती? पण मास्तर म्हणून गावात मला जी किंमत होती, ती सगळी 'सर खरं सांगतात' यावर उभी होती. मी म्हणालो, "ते बोलले तेच मी सांगितलं."

"मंग इचारा त्याला, राष्ट्रीय संघात व्हता का न्हाई."

मी इंग्रजीत विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "कधीच नाही. मी त्या दिवशी हेच सांगितलं होतं." मान हलली ती सगळ्यांनीच पाहिली. पुढचं वाक्य फक्त मला कळलं. आणि मी मराठीत म्हणालो, "नव्हते म्हणतात. चूक झाली म्हणतात."

'चूक' हा त्यांचा शब्द होता. दर रविवारी शंभर वेळा उच्चारलेला. ते थबकले. माझ्याकडे बघितलं, पाइपला कान लावून बघावं तसं, शांत, लक्ष देऊन. मी नजर खाली घातली. तेव्हा ते खोलीकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "हो. चूक." आणि यंत्रघरात परत गेले. 'परत' हा शब्द त्या दिवशी आला नाही.

पुढचं लवकर सांगून टाकतो. ठराव झाला नाही, मैदानावर गाळे उभे राहिले. अवसरी खुर्दच्या बाजूला दुसरं शीतगृह निघणार होतं. ते काम थंडेसाहेबांना मिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. ते दुसऱ्याला गेलं. रस्त्यानं पोरं 'राष्ट्रीय संघ' म्हणून ओरडायची. फक्त कांतीशेठच्या घरचं ताट पूर्वीसारखं पावणेसहाला वाढलं जात होतं. मी एकदा शेठजवळ विषय काढला. ते तराजू पुसत म्हणाले, "सर, दोन वर्षं माणूस माझ्या पंगतीला जेवला. ताटात कधी शीत टाकलं नाही. असा माणूस तोंडातून खोटं कसं टाकेल?" मग तराजू खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी एक साबण विकत घेऊन निघालो.

हंगाम संपेपर्यंत थंडेसाहेबांनी एक दिवस काम चुकवलं नाही. त्या वर्षी एक पेटी नासली नाही. ते गेले तेव्हा निरोप द्यायला दत्तू आणि शेठ होते. मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते, असं मी घरी सांगितलं.

मैदान गेलं तरी रविवारचा खेळ दत्तूनं चुलत्याच्या कांदा काढलेल्या वावरात चालू ठेवला. अठ्ठाविसाव्या वर्षी पुण्यातल्या एका कारखान्याच्या संघानं त्याला घेतलं. पाच वर्षं तो तिथे खेळला, नोकरीत कायम झाला. ती बातमी द्यायला पेढे घेऊन आला, तेव्हा त्यानं मला जे सांगितलं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. विमानतळावर जाताना जीपमध्ये त्यानं साहेबांना विचारलं होतं, की कचेरीत तुम्ही खरं का नाही सांगितलंत. दत्तूला सगळं ठाऊक होतं. त्याला साहेबांनी आपली हकीकत आधीच, हातवाऱ्यांनी का होईना, सांगितलेली होती. साहेब म्हणाले होते, "सरला उद्या वर्गात उभं राहायचं. मला मशीनपुढे. मशीन विचारत नाही."

दत्तूनं हे अगदी सहज सांगितलं. मग म्हणाला, "सर, पेढा घ्या की."

त्यानंतर मी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. पत्ता दत्तूकडे होता. पाठवलं नाही. अशा गोष्टी समोरासमोर बोलायच्या असतात, असं म्हणून कपाटात ठेवलं. आणि दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी ते खरोखर आले. मंचरकडच्या कुठल्या यंत्राची तपासणी होती, एका दिवसाचं काम. दत्तू रजा टाकून, जुनी जीप काढून त्यांना दुपारी माझ्या घरी घेऊन आला. केस पांढरे झाले होते, लंगडणं वाढलं होतं. मी आतून पत्र आणून हातात धरून बसलो. वाचून दाखवायचं ठरवलं होतं.

त्यांनी माझ्या पत्नीची चौकशी केली, शाळेची केली. चहा झाला. मी घसा खाकरला. तेवढ्यात आमचा फ्रिज घरघरायला लागला. जुना होता, सुरू झाला की सगळा थरथरायचा. थंडेसाहेब उठले, त्याला कान लावून डोळे मिटले आणि उभे राहिले. मग वाकून त्याचा एक पाय चाचपला, तो जमिनीला टेकत नव्हता. त्यांनी मागे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "कागद."

माझ्या हातात एकच कागद होता. शेजारी टीपॉयवर वर्तमानपत्र पडलेलं होतं, हे मला चांगलं दिसत होतं. मी पत्र त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी न उलगडता त्याच्या आणखी दोन घड्या घातल्या, फ्रिजचा पाय उचलून खाली सरकवलं. घरघर थांबली. कान लावून खात्री केली. "आता बरोबर," असं म्हणाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दत्तूच्या जीपमध्ये बसून गेले.

दोन वर्षांनी दत्तूकडे त्यांच्या पत्नीचं पत्र आलं, साहेब गेले म्हणून. आमचा फ्रिज त्यानंतरही बरीच वर्षं आवाज न करता चालला. बदलायला माणसं आली तेव्हा मी स्वतः खाली वाकून तो कागद काढून घेतला. त्यावर पायाचा गंजलेला गोल ठसा उमटला आहे. दोन पानांत मी पुष्कळ कारणं लिहिली होती, मैदानाची, सत्कारांच्या रीतीची, माझ्या नोकरीची. ती आता वाचवत नाहीत. वाचावीत अशी सुरुवातीची चारच वाक्यं आहेत, आणि ठसा नेमका त्यांच्यावर आहे:

"साहेब, डिंगोऱ्याला तुम्ही खरं बोललात, खोटं मी बोललो. कचेरीतही खोटं मीच बोललो. ती चूक तुमची नव्हती, माझी होती. मला क्षमा करा."